"इतिहासच का?" इतिहास विभागातल्या सर-मॅडमना खुलं पत्र

मुंबईतल्या आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत, कॉलेजांत इतिहास शिकवणाऱ्या सगळ्या सर आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एम.ए. इतिहासच्या ऍडमिशनसाठी मी एके ठिकाणी इंटरव्ह्यूला गेले होते. कुठे ते सांगत नाही कारण त्यांची काहीच चूक नाहीये, समोरचे तिघंही माझ्याशी चांगलंच बोलले. माझं बी.कॉम. बघून एका मॅडमनी विचारलं, "कॉमर्सवरून एकदम इतिहास? का गं?" आणि मी म्हणाले, "यूपीएससी करायचंय मॅडम, ऑप्शनल इतिहास घेणारे." मॅडमनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न आला. बाहेर बाकावर बसलेल्या ज्या मुलामुलींशी मी बोलले होते त्यातले बहुतेक हेच उत्तर तयार करून आले होते, कोणी यूपीएससी, कोणी एमपीएससी, कोणी नेट-सेट.

मला यूपीएससी करायचं नाहीये. नातेवाईकांना सांगायला सोपं पडतं म्हणून मी वर्षभर तेच सांगत आलेय आणि तोंडाला इतकं बसलंय की त्या दिवशीही तेच आलं बाहेर. खरं उत्तर लांबलचक आहे, त्या खुर्चीत बसून दोन मिनिटांत मला ते सांगता आलं नसतं. पण ते सांगायचंय, आणि फक्त त्या तिघांना नाही तर तुम्हा सगळ्यांनाच, कारण शेवटी तुमच्याकडे एक मागणंही आहे.

आम्ही डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतले. आता त्याला ना. म. जोशी मार्ग म्हणतात, पण आमच्या घरात अजून डिलाईल रोडच. १६० स्क्वेअर फुटांची खोली, आबा (म्हणजे आजोबा) १९७० ला पाटण तालुक्यातून मुंबईला आले, आधी गावकीच्या खोलीत (गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली) राहिले, बदली कामगार म्हणून, म्हणजे कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी, गिरणीच्या गेटवर उभे राहिले आणि मग साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, लागले. मी लहान असतानाच ते गेले, मला त्यांचा चेहरा फोटोतलाच आठवतो. वरळी, नायगाव, शिवडी आणि आमची डिलाईल रोड मिळून २०७ चाळी, १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या, आणि आता शिवडी सोडून बाकीच्या रिडेव्हलपमेंटला. आमची चाळ खाली करायची नोटीस आली तेव्हा माझं बी.कॉम.चं दुसरं वर्ष चालू होतं.

तीन दिवस चाळीखाली रद्दीवाल्याचा टेम्पो उभा होता. शंभर वर्षांची चाळ, त्यामुळे प्रत्येकाच्या माळ्यावरून काय काय निघत होतं, ग्रामस्थ मंडळांची वर्गणीची पावती पुस्तकं, भजनी मंडळाच्या वह्या, युनियनची पत्रकं, गावावरून आलेली आंतर्देशीय पत्रं, गठ्ठेच्या गठ्ठे, सगळं काट्यावर ठेवून किलोने गेलं. आमच्या घरातल्या दोन पिशव्या मी स्वतः खाली नेऊन दिल्या. त्यात काय होतं ते मी उघडून बघितलंही नाही, आणि हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

तिसऱ्या पिशवीच्या वेळी आजी पत्र्याच्या ट्रंकेवर बसून राहिली. "ही न्हाई द्यायाची." बस, एवढंच.

ट्रंकेत आबांचा लाल पास होता, पीएफच्या स्लिपा होत्या, एक पगाराची पावती होती. गिरणी कामगारांच्या घरांसाठी जो फॉर्म भरलाय त्याला पुरावे लागतात, १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर माणूस गिरणीत कामाला होता हे दाखवायला लागतं, आणि त्या पुराव्यांच्या यादीत लाल पास, तिकीट नंबर (कामगाराचा गिरणीतला नंबर), हजेरीपत्र, पगार पावती, पीएफ नंबर हे सगळं येतं, म्हणून आजीने ते जिवापाड जपलेलं. दीड लाखाहून जास्त लोकांनी घरासाठी अर्ज केलेत, त्यातले कितीतरी वारसदार आहेत, माझे बाबा त्यातलेच एक. एका ऑफिसमध्ये आम्ही ते कागद घेऊन गेलो तेव्हा खिडकीवरच्या माणसाने आजीला विचारलं, "यांनी किती वर्षं काम केलं त्याचा काही पुरावा आहे का?" आणि आजी त्याच्याकडे नुसती बघत राहिली. इतकी वर्षं ज्या माणसाच्या अंगावरची कापसाची रूं झटकली त्याचा पुरावा. मी बाजूला उभी होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की कागद नसला तर माणूस होता हेसुद्धा भांडून सांगावं लागतं.

पण मला जे सांगायचंय ते त्या सरकारी कागदांबद्दल नाहीये. ट्रंकेच्या तळाशी एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची, लांबट, किराणावाल्याकडे असते तशी. आजी खाणावळ चालवायची. त्याच खोलीत, दोन वेळचं जेवण, बाजूच्या गावकीच्या खोल्यांतले गडी जेवायला यायचे. आजीला लिहिता-वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक माणसाला तिने एक खूण दिली होती, एकाला छत्री, एकाला चष्मा, एकाला विडी, भजनात ढोलकी वाजवणाऱ्याला ढोलकी, एकाला बैल (तो का ते तिने अजून सांगितलेलं नाही). अशा अकरा खुणा. खुणेपुढे रोजची एक उभी रेघ, ज्या दिवशी खाडा त्या दिवशी फुली, आणि महिन्याचे पैसे मिळाले की शेवटी एक गोल. वरती महिन्याचं नाव तेवढं माझ्या आत्याने लिहिलेलं, ती तेव्हा चौथीत होती, अक्षर एकदम गोलगोल. वही सुरू होते दिवाळी १९८१ ला.

मला कॉमर्समुळे जमाखर्च वाचायची सवय आहे, म्हणून मी सहज गोल मोजायला लागले. डिसेंबर ८१, अकराला अकरा गोल. जानेवारी ८२, अकरा. फेब्रुवारीत सहा. मार्चमध्ये एकही नाही, पण रेघा चालूच. म्हणजे आजी पैसे न घेता जेवायला घालत होती. मग शिमग्याला चार खुणांपुढे ओळीने फुल्या सुरू होतात आणि त्या पानाच्या शेवटापर्यंत फुल्याच, ते चौघं कोकणातले, सणाला गावी गेले ते परत आलेच नाहीत. एप्रिल-मेमध्ये आणखी तिघं थांबले. जूनमध्ये तीन, पेरणीची वेळ. गणपतीपर्यंत फक्त छत्री उरली होती. दिवाळी ८२ च्या पानावर महिन्याचं नाव आहे आणि खाली काही नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, साठेक गिरण्या, अडीच लाखाच्या आसपास कामगार, पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं, आणि ज्या कायद्याने एकाच युनियनला मान्यता मिळते तो १९४६ चा बीआयआर कायदा (मुंबई औद्योगिक संबंध कायदा) जावा ही मागणी, पुढारी डॉ. दत्ता सामंत, आणि संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, लाखभर लोकांची नोकरी गेली. हे सगळं मला माहीत होतं, गिरणगावात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. पण आजीच्या वहीतल्या फुल्यांवर बोट ठेवून खाली खाली जाताना मला जे झालं ते त्या आकड्यांनी कधीच झालं नव्हतं. संप म्हणजे मोर्चे, सभा, भाषणं असंच डोक्यात होतं. इथे तो दिसत होता एका बाईच्या ताटांच्या हिशोबात, एकेक ताट कमी होताना.

आता पुढचं लिहिताना मला बाबांना विचारावं लागलं, त्यांनी हो म्हटलं म्हणून लिहितेय.

आमच्या घरात एक गोष्ट कायम सांगितली जाते की आबा शेवटपर्यंत गिरणीत आत गेले नाहीत. घरात काही भांडण झालं, कुणी कुठे नमतं घेतलं की बाबा म्हणणार, "माझा बाप उपाशी राहिला पण गेटच्या आत गेला नाही." मी हे लहानपणापासून ऐकतेय आणि मला त्याचा अभिमान आहे, होता. ट्रंकेतली ती पगाराची पावती मे १९८३ ची निघाली. बाबा म्हणाले दुसऱ्या कुणाची असेल. तिकीट नंबर लाल पासवरचाच होता. बाबा उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मग रात्री आजी बोलली. आत्याला कावीळ झाली होती, डोरलं आधीच गहाण होतं, खाणावळ बंद पडलेली, आणि दिवाळीच्या जरा आधी एका पहाटे आबा पहिल्या पाळीला गेले. गल्लीने न जाता मागून गेले. "वरीसभर भजनाला न्हाई गेलं त्ये," आजी म्हणाली, "ढोलकीवाल्याच्या म्होरं कसं बसायचं म्हनून." चाळीस वर्षं तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं, बाबांनासुद्धा नाही. बाबा तेव्हा सहा वर्षांचे होते.

सर, मॅडम, त्यानंतर मी जे केलं त्यामुळे मी हे पत्र लिहितेय. आजी म्हणते दिवाळीच्या आधी, पावती म्हणते मे. मग खरं काय? पावतीवरून एवढंच कळतं की मे ८३ मध्ये आबा कामावर होते, कधीपासून ते कळत नाही. मी पीएफच्या स्लिपा पुन्हा काढल्या. ८२-८३ च्या स्लिपवर जमा रक्कम आहे, आधीच्या वर्षांपेक्षा बरीच कमी, पण शून्य नाही. म्हणजे ते वर्ष संपायच्या आधी काही महिने त्यांनी काम केलेलं आहे. आणि दिवाळी ८२ चं रिकामं पान. तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि आजीचं म्हणणं बरोबर बसलं. माझ्या अंगावर काटा आला. कागदाने सांगितलं की ते गेले, वहीने सांगितलं की घरात काय उरलं होतं, आणि मागून का गेले ते फक्त आजीच सांगू शकत होती. यातलं कुठलंही एक नसतं तर मी आबांबद्दल चुकीचं काहीतरी धरून बसले असते, एकतर न झुकलेला माणूस नाहीतर संप फोडणारा माणूस. बाबांना दोन दिवस लागले. मग ते आजीला म्हणाले, "आये, मला आधी सांगायचंस." त्यानंतर "गेटच्या आत गेला नाही" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि आबांबद्दल ते आता जास्त बोलतात.

म्हणून इतिहास. हे काम मला करायचंय, आयुष्यभर, आणि नीट करायचंय. मी जे केलं ते अंदाजाने केलं, मला कुणी शिकवलेलं नाही.

तेव्हापासून मी मिळेल ते वाचत सुटलेय. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ ची, ताडदेवची, कावसजी दावरांची. त्यानंतर तीस वर्षांनी, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक समाजाचे, दीनबंधू चालवणारे, यांनी कामगारांचं निवेदन तयार केलं, आठवड्यातून एक सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास सुट्टी द्या, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत द्या, आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मी हे वाचलं आणि पुस्तक बंद करून बसले. साडेपाच हजार सह्या १८८४ मध्ये. त्यातल्या किती जणांना सही करता येत होती? बाकीच्यांनी काय केलं, अंगठा, निशाणी, आजीसारखी छत्री-ढोलकी? तो कागद घेऊन गिरण्यागिरण्यांत कोण फिरलं? आणि मग एप्रिल १८९० ची सभा, दहा हजार कामगार जमलेले, त्यात दोन कामगार बायका उठून बोलल्या, आणि जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण सगळे रविवारी झोपून राहतो ना, ती सुट्टी. त्या दोघी कोण, कुठल्या गावच्या, कुठल्या खात्यात कामाला, नवऱ्यांना सांगून आल्या होत्या की न सांगता, सभेनंतर त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं का, हे मला शोधायचंय. सापडेल न सापडेल, पण शोधायचं कसं हे तरी मला यायला पाहिजे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत पाचातली एक कामगार बाई असायची, मुख्यतः कांडी खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर, आणि मग हळूहळू त्या कमी होत गेल्या. ज्या आत नव्हत्या त्या आजीसारख्या खाणावळी चालवत होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खाणावळवाल्या बायकांना सावकाराकडे न जाता बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आजीला ते माहीत होतं, शेजारची एक बाई त्यात होती, आजी गेली नाही कारण आबांना कर्ज नको होतं. माझी आजी रोज बावीस ताटं वाढत होती, त्या अकरा माणसांनी साचे चालवले ते तिच्या भाकरीवर. पण पुराव्याच्या यादीत खाणावळीची वही नाहीये, आणि आजी गिरणी कामगार नाहीये, ती कामगाराची विधवा आहे. मी यादी करणाऱ्यांना दोष देत नाही, घराच्या फॉर्मसाठी तेवढंच लागतं. पण इतिहासाच्या फॉर्ममध्ये तरी ती असायला पाहिजे की नाही?

आणि आता मागणं.

१९८२ ला जो पोरगा बावीस वर्षांचा होता तो आज पासष्टीच्या पुढे आहे. जो चाळिशीत होता तो बहुतेक राहिलेला नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून त्यांच्याच शब्दांत हा इतिहास गोळा केला, त्याला वीस वर्षं होऊन गेली, त्यात बोललेल्यातले कितीतरी आता नसतील. चाळी पडतायत, ट्रान्झिटमध्ये जाताना प्रत्येक घर हलकं होतंय आणि हलकं होताना पहिल्यांदा कागद जातो. हे माझ्या डोळ्यांसमोर तीन दिवस झालंय. टॉवर होऊ देत, आजीला लिफ्ट आणि घरात संडास मिळणार म्हणून मला आनंदच आहे, चाळीत संडासाच्या रांगेत उभं राहायला काय लागतं ते मला कुणी सांगू नये. पण त्या टेम्पोच्या बाजूला इतिहासाचे दहा विद्यार्थी उभे असते तर काय काय वाचलं असतं.

आम्हाला पाठवा ना. पहिल्याच सेमिस्टरला. वर्गात साधनं म्हणजे काय, प्राथमिक आणि दुय्यम, हे आम्ही पाठ करून लिहू, मार्कही पडतील, पण एक जुनी वही हातात आल्यावर तिचं काय करायचं हे त्याने येत नाही. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं दफ्तरखाना, १८२१ मध्ये सुरू झालेला, डिलाईल रोडवरून बसने जाता येतं, आणि माझ्या ओळखीत इतिहासात बी.ए. झालेल्या चार मुली आहेत त्यातली एकही तिथे गेलेली नाही. त्यांना जायचं नव्हतं असं नाही, तिथे जाता येतं हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला डिपार्टमेंटचं पत्र द्या, एकदा बरोबर या, फाईल कशी मागायची, कॅटलॉग कसा बघायचा ते दाखवा. मोडी शिकवा, ती ऐच्छिक वर्कशॉप म्हणून दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस नको, नीट वर्षभर शिकवा. माणसाची मुलाखत कशी घ्यायची ते शिकवा, म्हाताऱ्या माणसाला त्याच्या लाजेची गोष्ट विचारायची की नाही, आणि विचारली तर ती लिहायची की नाही, हे मला आजीच्या समोर बसून एकटीने ठरवावं लागलं आणि मी बरोबर केलं का याची मला अजून खात्री नाही.

तुम्ही म्हणाल सिलॅबस संपत नाही, पोस्ट भरलेल्या नाहीत, निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. ते मला दिसतं, ज्या सरांनी मला मार्गदर्शन केलं ते स्वतः तासिकेवर आहेत आणि तीन कॉलेजं करतात. तरीपण मागतेय, कारण हे मागायला दुसरीकडे कुठे जाणार. आणि आमच्यासारख्यांना समोर बसवून "का गं इतिहास?" विचाराल तेव्हा, यूपीएससी ऐकल्यावर अजून एकदा विचारा. कदाचित कुणाच्या तरी घरी ट्रंक असेल.

नोकरीचं काय हे बाबा रोज विचारतात. मी दोन ठिकाणी अकाउंट्सचं काम करते संध्याकाळचं, ते चालू ठेवणार. एम.ए.ला ऍडमिशन नाही मिळाली या वर्षी तर पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरणार.

वहीतल्या अकरा जणांपैकी दोघांचा पत्ता लागलाय, आजीच्या माहेरच्या एका माणसाकडून. चष्मेवाला गेला, पण त्याची बायको आहे गावी. आणि ढोलकीवाला आहे, ऐंशीच्या घरात, ऐकू कमी येतं म्हणे पण बोलतो चांगला. पावसाच्या आधी मी पाटणला जाणारे, आजीपण येते म्हणतेय. त्याला आबांचं माहीत होतं का, हे मला विचारायचंय, आणि आजी म्हणते विचारू नको. तुमच्यापैकी कोणी असं काम केलं असेल तर जाण्याआधी मला सांगाल का, अशा वेळी सुरुवात कुठून करायची, रेकॉर्डिंगच्या आधी त्यांच्याकडून काय लिहून घ्यायचं, आणि वही त्यांच्यासमोर उघडायची का पिशवीतच ठेवायची.

तुमची होऊ घातलेली विद्यार्थिनी,
डिलाईल रोड, मुंबई